गिअरबॉक्सचा तुटका कान

आजोबा स्टिअरिंगवर आणि नातू मागून ढकलतोय, अशी ती जुनी गाडी उतारावरून गॅरेजच्या दारात आली आणि तिथेच ठाण मांडून बसली. नातू घामाघूम झालेला, कानाच्या पाळीला मैदा. कोपऱ्यावरची बेकरी त्याची, हे गॅरेजवालीला नंतर कळलं. आधी दिसलं ते त्याचं हसू.

"थांबायला जागा मात्र चांगली निवडली हिने," तो म्हणाला. बोलत होता गाडीबद्दल, बघत होता तिच्याकडे.

वडिलांच्या पश्चात गॅरेज तीच चालवायची. गल्लीत सगळे तिला मिस्त्रीबाई म्हणत. आजोबांनी गाडी तरुणपणी घेतलेली. जाताना ते पुन्हा पुन्हा सांगून गेले की आजवर हिच्यावर साधा ओरखडा पडू दिलेला नाही.

गाडीचे गिअर पडत नव्हते. क्लच बघायचा तर आधी गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवायला हवा. बोल्ट निघाले, पण गंजाने दोन्ही एकमेकांना असे धरून बसले होते की हलायचं नाव नाही. तिने सांध्यात तेल सोडलं आणि थांबायचं ठरवलं. बेकरीवाला मात्र रोज येऊ लागला. कागदात गुंडाळलेला गरम बन पुढे करायचा आणि तब्येत विचारायचा.

"गाडीची ना?" ती विचारायची.

"हो... गाडीचीही."

एका दुपारी त्याने विचारलं, आज सुटेल का. ती म्हणाली, "तुमचा चहा थंड व्हायच्या आत."

असं बोलायला नको होतं. जाम झालेल्या वस्तूशी भांडू नये, तिला तेल द्यावं, ऊब द्यावी आणि वाट बघावी, हे वडिलांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. पण तो समोर टायरवर बसून बघत होता... तिने फटीत पहार घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. कट्ट — गिअरबॉक्स होता तिथेच राहिला, आणि ज्याच्यातून बोल्ट जातो तो बिडाचा कान तुटून तिच्या हातात आला.

तुटलेली कड ताजी असली की चकाकते. जुनी काळी असते. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि तेलकट अंगठा त्या कडेवरून फिरवला.

"याला आधीच तडा होता," ती म्हणाली.

त्याने विश्वास ठेवला. एवढंच नाही, वर माफी मागितली — आजोबांनी सांगायला हवं होतं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा हातात बन नव्हता, चेहऱ्यावर हसू नव्हतं. तड्याबद्दल विचारल्यावर आजोबा आधी ठाम नाही म्हणाले होते. शेवटी म्हणाले, कुठे तरी आपटली असेल, हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. तेव्हापासून दुकानाचं कुलूप ते ओढून ओढून बघतात, पुन्हा घरून परत जाऊन बघतात, औषध घेतलं का ते दुसऱ्यांना विचारतात.

"त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडालाय," तो म्हणाला आणि गेला.

धरणीने पोटात घ्यावं असं तिला वाटलं. पाना हातात धरवेना. आरशात तोंड बघवेना. हात साबणाने घासघासून धुतले, तरी अंगठ्यावरचं तेल जाईना, की तिलाच ते दिसत होतं, कोण जाणे.

संध्याकाळी ती बेकरीत गेली. गिऱ्हाइकांची गर्दी होती. गर्दी ओसरेपर्यंत थांबावं असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीही लाज वाटली. ती सरळ गल्ल्यावर बसलेल्या आजोबांसमोर उभी राहिली.

"आजोबा, गाडीला तडा नव्हता. कान मी तोडला. घाई केली... आणि खोटं बोलले."

आजोबांनी चष्मा काढला. "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही. तुमच्या लक्षात होतं तेच खरं."

म्हाताऱ्याने मोठा श्वास सोडला. "गाडीचा कान गेला होय, पोरी. मला वाटलं, माझं डोकं गेलं."

नातू मात्र भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर तिला कमी लागलं असतं.

पुढे तिने काम केलं ते मान खाली घालून. तुटका कान बिडाच्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून घ्यायला बाजूला ठेवला. सांध्याला तेल दिलं, मंद आच दिली, चहूबाजूंनी हलके ठोके दिले, आणि थांबली. एका सकाळी हलणारा दात निघावा तसा गिअरबॉक्स अलगद सुटून आला. आनंद सांगायला जवळ कुणी नव्हतं.

तो आला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. दारातच उभा राहिला.

"एक विचारायचं होतं. दुसऱ्या कुणाची गाडी असती, तर तुम्ही खोटं बोलला असता?"

"नाही."

"मग आमच्याशीच का?"

ती क्लचची प्लेट पुसत राहिली. "तुम्ही बघत होता... तुमच्यासमोर आपल्या हातून चूक व्हावी, हे... नाही सोसलं. तुम्ही नुसते गिऱ्हाईक असता, तर तुटलं म्हणून सांगून मोकळी झाले असते."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. कानशिलं तापली. पुसलेली प्लेट ती पुन्हा पुसू लागली.



"मी रागावलो होतो," तो म्हणाला. "अजून आहे थोडा."

"असू दे."

"पण घरी बसून नीट रागावता येत नाही. इथे बसून रागावलो तर चालेल?"

तिने मान हलवली. तो टायरवर बसला, पण तिच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. तुम्ही काम करा, मी बघत नाही, म्हणाला.

ती कामाला लागली. पाना फिरवताना नजर सारखी त्या पाठीकडे जात होती. खांद्यावर मैदा होता.

"वळा इकडे," शेवटी ती म्हणाली. "बघा. हात थरथरले तर... थरथरू देत."