दिगूदादाचा तिसरा गोळा

चहाचा कप बाजूला सारून कांचनने पडद्यावरचा वाऱ्याचा बाण पाहिला. बाहेर भरदुपारी अंधारून आलं होतं, आणि पिंपळदऱ्याची द्राक्षं ऐन तोडणीला आली होती. गारतोफेच्या खोलीत आज तिची ड्युटी होती.

ही तोफ लढाईची नव्हे. तिचा बीजगोळा ढगात फुटला, की त्यातल्या क्षारांभोवती पाणी गोठायचं आणि तिथल्या तिथे गारा कोसळायच्या. त्या पिंपळदरा आणि सोनखांब या दोन गावांमधल्या उजाड टेकडीवर पाडायच्या, म्हणजे दोन्हीकडचे मळे वाचतात. टेकडीपलीकडच्या सोनखांबनेही गेल्या वर्षी अशीच तोफ आणली होती. गोळे हवेत एकमेकांवर आदळू नयेत म्हणून दोन्ही गावांनी आळीपाळीने डागायचं, असं ठरलं होतं. पडदा तर थेट लहानपणच्या कॉम्प्युटर गेमसारखा: मध्ये टेकडी, दोन टोकांना दोन तोफा, कोन, जोर आणि वारा. लोकांना चटकन शिकता यावं म्हणून बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम तसा केला होता.

सोनखांब हे कांचनचं माहेर. तो गेम ती थोरल्या भावाशी, दिगूदादाशी, भांडत खेळली होती, आणि आता तिकडची तोफ दिगूदादाच चालवायचा.

तिने कोन धरला, जोर बेतला आणि गोळा सोडला. चुकलं ते इथेच. गेममध्ये वारा सगळीकडे सारखाच असतो. त्या जुन्या सवयीने तिने बाणावर डोळे झाकून विश्वास ठेवला. टेकडीच्या माथ्यावरचा वारा निराळाच निघाला. गोळा टेकडी ओलांडून गेला आणि सोनखांबच्या मळ्यांवर लिंबाएवढ्या गारा कोसळल्या.

"जाऊ दे पोरी, आपलं तर वाचलं!" मागे उभे असलेले द्राक्षसंघाचे आप्पा म्हणाले.

कांचनने दादाला फोन लावेपर्यंत पलीकडची तोफ धडाडली होती. तो गोळा पिंपळदरा ओलांडून पुढच्या नदीपात्रावर फुटला. दादा फोन घेईना. फोन लावता लावता तिच्या डावाची वेळ तशीच निघून गेली. दादाचा पुढचा गोळा अलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी पडला.

"तुझ्या माहेरच्यांचा नेम लई कच्चा!" आप्पा खो खो हसले.

कांचनला मात्र दादाचा गेममधला खेळ पाठ होता. पहिला मुद्दाम लांब, दुसरा मुद्दाम आखूड, आणि तिसरा बरोबर मधोमध. तो तिसरा कधी चुकला नव्हता. फक्त ती रडायला लागली, की तो नळी सरळ आभाळाकडे करायचा आणि गोळा स्वतःच्याच तोफेवर पाडून घ्यायचा. "जा, जिंकलीस," म्हणायचा.

अखेर दादाने फोन घेतला.

"दादा, वाऱ्यानं नेला रे गोळा. मी मुद्दाम नाही मारला."

"वारा मलाही दिसतो, कांचे. मळ्यात बाया होत्या. तुझ्या वहिनीचं डोकं फुटलंय."

"दादा, ऐक ना..."

"तुझा नेम कधी चुकलाय का?" त्याने फोन ठेवून दिला.

नदी आणि टेकडीच्या बरोबर मधोमध, कालव्यापलीकडच्या मळ्यात तिची लेक मुक्ता बायांबरोबर घड तोडत होती. तिथे डोक्यावर घ्यायला साधा पत्राही नव्हता. कांचनने मुक्ताला फोन लावला. रिंग वाजतच राहिली. तोडणीच्या वेळी सगळ्यांचे फोन क्रेटमध्ये ठेवायची शिस्त कांचननेच लावली होती.

"तुझा डाव आलाय. हाण सोनखांबवर!" आप्पांचा आवाज चढला. "सगळा ढग तिकडंच मोकळा झाला, की त्याच्या गोळ्याला काही उरायचंच नाही."

ते खरंच होतं. एक बटण दाबलं की मुक्ता वाचली असती. कांचनने बटणावर बोट ठेवलं. तिला कपाळाला पदर दाबून बसलेली वहिनी दिसली, आणि वहिनीशेजारच्या बायाही. टेकडीवर नेम धरावा, तर त्या वाऱ्यावर आता तिचा भरवसा उरला नव्हता.

तिने डाव सोडला.

"येडी झाली का तू?" आप्पा किंचाळले.

कांचन आता रडत होती, आणि हे दादाला दिसणार नव्हतं. पडद्यावर पलीकडच्या तोफेची नळी हलली. ती हळूहळू वर चढली आणि पिंपळदऱ्याच्या नेमक्या कोनाशी येऊन थांबली.

दादा, आणखी थोडी वर नेशील का रे?