आठवपत्रा

गाडीला पोचा आला तर हल्ली कुणी खाली उतरूनही बघत नाही. खांबाला घासा, कुंपणाच्या भिंतीला लावा, अकरा मिनिटं थांबा, गाडी पुन्हा शोरूममधून काढल्यासारखी. ही सगळी करामत आठवपत्र्याची. आता चारचाकीचं बॉनेट, दारं, मडगार्ड सगळं याच पत्र्याचं असतं.

धातूतले अणू शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे रांगेत असतात. साधा पत्रा वाकला की रांगा मोडतात, एकीतला अणू दुसरीत घुसतो आणि परत यायची वाट विसरतो. आठवपत्र्यातल्या रांगा मोडत नाहीत, नुसत्या कलतात. बॅटरीतून थोडी ऊब मिळाली की त्या पुन्हा सरळ होतात. कारखान्यात साच्यातून निघताना मिळालेला आकार तेवढा या पत्र्याला आठवतो. नंतर त्याच्यावर काय काय आदळलं, याची त्याला काही खबर नसते. सुरुवातीला प्रत्येक दुरुस्तीची नोंद गाडीच ठेवायची. पण ग्राहकांना ते आवडेना, म्हणून कंपन्यांनी ती सोय काढून टाकली. लोकांना काय हवं असतं, ते कंपन्यांना बरोबर कळतं.

या सुखसोहळ्यात रघुवीर पांचाळ मास्तरांचं मात्र काही उरलं नाही. कोल्हापूरजवळच्या एका आयटीआयमध्ये ते एकतीस वर्षं पत्राकाम शिकवत होते. सपाट पत्र्याला मागून लोखंडी ठोकळ्याचा टेकू द्यायचा, वरून हातोडी मारायची आणि मडगार्डची गोलाई काढायची, हे त्यांनी शेकडो पोरांच्या हातात बसवलं. तपासणी नेहमी डोळे मिटून. पत्र्यावरून तळहात फिरवायचा आणि खोलगट लागेल तिथे खडूने वर्तुळ काढायचं. "डोळा चकाकीला भुलतो रे, हात भुलत न्हाई," असं ते पोरांना सांगायचे. आठवपत्रा आला तशी त्यांच्या वर्गात अठरा पोरं होती ती पाच झाली, पुढच्या वर्षी एकही नाही. कार्यशाळेला कुलूप लागलं.

ते कुलूप सहा वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका दुपारी उघडलं. आत राखाडी रंगाच्या, एकाच मॉडेलच्या नऊ गाड्या ओळीने उभ्या होत्या.

त्यांतली एक समृद्धी चौगुलेला उडवून गेली होती. समृद्धी एकोणीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी चालली होती तिची. रोज सकाळी सहाला ती बायपासवर धावायला जायची. जानेवारीतल्या त्या सकाळी धुकं होतं. नाक्यावरच्या कॅमेऱ्यात गाडीचा रंग आणि मॉडेल दिसलं, नंबर दिसला नाही. धडकेच्या आसपासच्या अर्ध्या तासात नाक्यावरून तसल्या नऊ गाड्या गेल्या होत्या. नऊही मालकांनी कानावर हात ठेवले. नऊही गाड्या धुतलेल्या, गुळगुळीत.

समृद्धीची आई राजश्री भिंतीशी बाकावर बसली होती. शेजारी डॉ. गार्गी नेर्लेकर होत्या. आठवपत्रा तयार करणाऱ्या चमूत त्या होत्या, आणि मास्तरांना शोधून काढलं तेही त्यांनीच.

"बाई, यंत्राला घावलं न्हाई ते ह्यांच्या हाताला कसं घावणार?" राजश्रीनं विचारलं.

"यंत्र आकार मोजतं आणि आकार पुरता परत येतो," डॉ. नेर्लेकर म्हणाल्या. "पण पत्र्याचा ताण पुरता परत येत नाही. मार बसला तिथे तो किंचित सैल राहतो. इतकं थोडं सैल मोजणारं यंत्र अजून आमच्याकडे नाही. हात सरकता सरकता दाबतोही, म्हणून त्याला ते कळतं. मी मास्तरांना चाळीस पत्रे दिले होते, त्यांतल्या सातांवर आधी मार दिलेला होता. त्यांनी नेमके सातच काढले."

"मग असला पत्रा केलाच कशाला तुमी?"

डॉ. नेर्लेकरांना पूर्वी या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं. आता त्या उठून पहिल्या गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

उपनिरीक्षक मुजावरांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "गाडी सापडली की नंबर फक्त माझ्या कानात सांगायचा. मोठ्यानं काही नको." मास्तरांनी मान डोलावली. काय शोधायचं ते त्यांना ठाऊक होतं. खांबाचा मार चिंचोळा असतो, जनावराचा खाली बसतो. उभ्या माणसाला धडक बसली की दोन पोचे पडतात, एक मांडीचा बॉनेटच्या पुढच्या कडेला, दुसरा डोक्याचा, वर काचेपाशी.

मास्तरांनी डोळे मिटले आणि पहिल्या बॉनेटवर तळहात टेकवला. एकेक गाडी त्यांनी दोनदा चाचपली. सव्वा तास लागला. नववी गाडी संपवून त्यांनी डोळे उघडले, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात खडू होता. एकतीस वर्षांची सवय. हाताने विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं, वर्तुळं काढली होती.

वर्तुळांची जोडी चार गाड्यांवर होती.

"मास्तर, चूक तर नाही ना होत?" मुजावरांनी विचारलं.

"दोन-दोनदा बघितलं साहेब."

"पण असा गुन्हा माझ्याकडे एकच दाखल आहे."

"मग बाकीची माणसं कुठे गेली?" डॉ. नेर्लेकरांनी विचारलं.

मुजावरांनी टोपी काढून हातात घेतली. "रस्त्याकडेला सापडतात की मॅडम अधूनमधून. गाडीचा माग नसला की आम्ही पडून मयत लिहितो. ओळख पटली नाही तर बेवारस."

राजश्री उठून पहिल्या वर्तुळापाशी गेली. तिने त्यावर हात ठेवला. तिच्या हाताला थंड, गुळगुळीत पत्र्याखेरीज काही लागलं नाही. "ह्यातली माझ्या पोरीची कुठली?"

मास्तर पुन्हा चारही गाड्यांपाशी गेले. फार वेळ लावला त्यांनी. "कळत न्हाई, ताई. चारीकडं माणूसच हाय. कोण हाय, ते न्हाई सांगता येत."

"चार म्हणजे एकही नाही," मुजावर म्हणाले. "प्रत्येकाचा वकील म्हणणार, तीच गाडी कशावरून? चौघंही सुटणार."

बाकावर एक जुना पुसायचा बोळा पडला होता. राजश्रीने तो उचलला आणि मास्तरांच्या हातात दिला.

"तीन पुसा."

"ताई…"

"कुठलीबी तीन पुसा आन् ऱ्हायली तीच म्हणा. चौघांनीबी माणूस मारलंय न्हवं? मग चुकीच्याला शिक्षा कशी हुईल? एकाला तरी हुंदे, मास्तर. माझ्या पोरीच्या नावानं एकाला तरी."

मुजावर खिडकीबाहेर बघू लागले. मास्तर बोळा घेऊन दुसऱ्या गाडीपाशी गेले. त्यांनी हात वर्तुळापर्यंत नेला आणि तिथेच थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुमच्या पोरीला तुमी हाय, ताई," ते म्हणाले. "ह्या मेलेल्या तिघांचं कोण हाय? कुणीतरी वाट बघत आसंल त्यांचीबी. ह्या खडूबिगर त्यांचं दुसरं कायबी न्हाई. माझ्या हातानं न्हाई पुसवत."

राजश्री खाली बसली आणि मोठ्याने रडली. मास्तर तिच्याजवळ बोळा हातात धरून उभे राहिले.

मुजावरांनी अहवालात लिहिलं की ठाम मत देता येत नाही. कोर्टाने गाड्या पाच वाजेपर्यंतच दिल्या होत्या. फाटकाबाहेर थांबलेल्या मालकांना आत बोलावण्यात आलं. ते आले, आपापल्या गाड्यांकडे गेले. ज्यांच्या बॉनेटवर खडू होता, ते ती वर्तुळं बघून जरा थांबले. एकाने बाहीने पुसलं, एकाने आतून फडकं काढलं. कुणी काही विचारलं नाही. राजश्रीने तीन पुसायला सांगितली होती, पण थोड्याच वेळात चारही गाड्यांवर काही राहिलं नाही.

ती दाराशी उभी राहून प्रत्येकाचा चेहरा बघत होती. नऊही चेहरे ताटकळून कंटाळलेले होते, त्यांतून तिला काहीच कळलं नाही. शेवटचा एक पन्नाशीचा गृहस्थ गाडी सुरू करून पुन्हा खाली उतरला आणि मुद्दाम तिच्यापाशी आला.

"फार वाईट झालं, ताई," त्याने हात जोडले. "धीर धरा."

त्याच्या बोटांना खडू लागला होता. राजश्रीने तो पाहिला, पण तोवर तिचेही हात जोडले गेले होते.