जुळणी

गेल्या वर्षभरात दिगंबर ओगल्यांनी मुलीला बावन्न पत्रे पाठवली होती, दर रविवारी एक. त्यांतली एक्केचाळीस पोचली होती, अकरा परत आली होती. अकरांपैकी एक मार्चातले, एक मे महिन्यातले आणि उरलेली नऊ गेल्या नऊ आठवड्यांतली, सलग.

रत्नागिरीच्या मेल-दुरुस्ती केंद्रात रेणुका साबडेने हे आकडे कागदावर उतरवले आणि नेहमीच्या क्रमाने तपासणी सुरू केली. पत्ता बरोबर होता. सर्व्हर चालू होते. शाल्मली ओगले ज्या अंटार्क्टिक तळावर काम करत होती तिथला उपग्रहाचा दुवा अरुंद असला तरी शाबूत होता. शाल्मलीची पत्रे इकडे बिनतक्रार येत होती. म्हणजे दोष वाटेत नव्हता.

"मग कुठे आहे?" समोरच्या खुर्चीतल्या ओगल्यांनी विचारले. वय एकाहत्तर. तीस वर्षे बंदरावर भरती-ओहोटीची नोंद ठेवण्याची नोकरी केलेली, आणि निवृत्तीनंतरही दर रविवारी धक्क्यावर जाऊन मोजपट्टी वाचण्याची सवय.

"ठशात," रेणुका म्हणाली.

वीस वर्षांपूर्वी यंत्रे हुबेहूब आईच्या, मुलाच्या, साहेबाच्या शैलीत मेल लिहू लागली. आवाज आणि चेहरे तर त्याआधीच नासले होते. या सोंगपत्रांनी इतके संसार बुडवले, की शेवटी पासवर्डवरचा विश्वास सोडून लेखनठसा आला. माणूस कोणते शब्द वापरतो, वाक्य केवढे करतो, कुठल्या अक्षरापाशी बोट थबकते, या सगळ्याचा मिळून एक ठसा. पत्र निघताना ते ठशाशी ताडून पाहिले जाई आणि शून्य ते एकच्या दरम्यान एक आकडा येई. त्याला जुळणी म्हणत. जुळणी ०.८०च्या खाली गेली की पत्र सोंग समजून परत.

"म्हणजे मी मी नाही?" ओगले म्हणाले. "समुद्राने तीस वर्षं ओळखलं मला. तुझं यंत्र विचारतंय, कोण आपण."

"काका, ठसा उमटवताना नमुन्याची शंभर पत्रं मागतात. तुम्ही कोणती दिली होती?"

त्यांनी शाल्मलीला लिहिलेलीच दिली होती. रेणुकाने त्यांतली वीसेक उघडून पाहिली. सगळी एकाच साच्यातली: भरतीची वेळ, पाण्याची उंची, वारा, आणि शेवटी 'बाकी ठीक'. नोंदवहीत शेऱ्याचा रकाना यंत्र बिघडले तरच भरायचा, ही त्यांच्या खात्याची शिस्त. ती त्यांनी घरीही पाळली होती. बायको गेली त्या आठवड्याच्या पत्रातसुद्धा शेरा नव्हता; शाल्मली तेव्हा नुकतीच घरी येऊन गेली होती, वेगळे लिहायचे काय, असे ते म्हणाले.

मग तिने परतलेले शेवटचे पत्र वाचले; आधीच्या आठांतही तेच होते. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. मोजपट्टीवरचे आकडे आता दिसत नव्हते. सहा महिन्यांत अक्षरही दिसणार नव्हते. आणि शेवटी, 'तू परत ये.'

घाई कशाची तेही त्यांनी सांगितले. शाल्मलीला तळावरच्या आणखी दोन वर्षांच्या करारावर शनिवारपर्यंत सही करायची होती. एकदा सही झाली की मध्ये परतीचे जहाज नव्हते. तिने तीनदा विचारले होते, बाबा रागावलात का, मी यावं असं वाटत असेल तर एक ओळ पुरे. आज गुरुवार होता.

रेणुकाने वजाबाकीची चाचणी लावली. एकेक वाक्य काढायचे आणि जुळणी पुन्हा मोजायची. पूर्ण पत्र: ०.४७. डॉक्टरांचा परिच्छेद काढला: ०.६६. तो परत ठेवून शेवटची ओळ काढली: ०.६३. दोन्ही काढले: ०.९१.

"बोटं अडखळतात म्हणून होत असेल," ओगले म्हणाले.

"त्याचा वाटा फार थोडा आहे. माणूस काय लिहीत नाही, तेही ठशात असतं, काका. तुम्ही कधी काही मागितलेलं नाही."

ते पडद्याकडे, म्हणजे पडद्याच्या जरा बाजूला वळले. मग त्यांनी विचारले, शेऱ्याच्या रकान्यात घातले तर? 'शेरा: वाचन अवघड होत आहे. येणे व्हावे.' रेणुकाने घालून पाहिले. ०.७४.

नवा ठसा उमटवायला तीन महिने लागत आणि तोवर जुना बंद होई. तळावर फोन जोडत नसत; तळ फक्त नोंदलेल्या माणसांची पत्रे घेई, आणि शाल्मलीच्या यादीत आता वडिलांखेरीज कोणी उरले नव्हते. केंद्राला कुणाच्या वतीने पत्र पाठवायला मनाई होती. पहिली सोंगपत्रे अशीच 'वतीने' आली होती. हे सगळे रेणुकाने एकदा सांगितले आणि त्यांनी विचारल्यावर पुन्हा एकदा सांगितले.

"नऊ आठवडे तिला वाटतंय मी रुसून बसलोय," ओगले म्हणाले. "निदान तेवढं तरी जाऊ दे. काढ ते."

"दोन्ही?"

"एक ठेवलंस तर जाईल का?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला, पोरी?"

तिने दोन्ही काढले. भरतीची वेळ तक्त्यातून घेतली, पाण्याची उंचीही, कारण त्या रविवारी त्यांनी ती वाचली नव्हती. वारा त्यांनी सांगितला. 'बाकी ठीक' त्यांनी स्वतः, एकेक अक्षर चाचपत टंकले. पत्र १.३ सेकंदांत पोचले.

उत्तर शुक्रवारी सकाळी आले. ओगल्यांना वाचणे जड जात असल्याने रेणुकाने ते फोनवर वाचून दाखवले. एरवी शाल्मलीची पत्रे चार-चार पानी असत, पेंग्विनांच्या तक्रारींपासून स्वयंपाक्याच्या घोरण्यापर्यंत. हे दोन ओळींचे होते. 'पत्र मिळाले, सही केली. इकडे सर्व ठीक.'

ओगले बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तक्रार बंद करण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या जुळण्या नोंदवाव्या लागत. रेणुकाने त्या नोंदवल्या. दिगंबर ओगले, पाठवलेले पत्र: ०.९६. शाल्मली ओगले, आधीच्या पत्रांची सरासरी: ०.९५. शाल्मली ओगले, आजचे पत्र: ०.८१.