नाव घातलेला फिल्टर

घरात साधा झारा घ्यायचा असला तरी सुकन्या चार दुकानं पालथी घालायची, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. लातूरला बार्शी रोडवरच्या एका लॅबमध्ये ती बारा वर्षं रक्ता-लघवीचे नमुने तपासत होती. डोळ्यांना दिसेल आणि आकड्यात बसेल तेवढंच खरं, असा तिचा खाक्या. नवरा हरिओम नोकरीला नांदेडला. शनिवारी यायचा, सोमवारी पहिल्या गाडीनं जायचा. मधले दिवस घरात तिघी: सुकन्या, सासू तुळजाबाई आणि नऊ वर्षांची ऋतुजा.

मार्चमध्ये ऋतुजाच्या पोटात कळ उठली आणि सोनोग्राफीत मूतखडा निघाला. एवढ्याशा पोरीला! डॉक्टर म्हणाले, खडा बारीक आहे, पाण्यानंच पडून जाईल. पण रोज दोन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. नाही गेलं आणि खडा नळीत अडकला तर किडनी कामातून जाईल. सोपा उपाय होता, पण पोरगी पाणीच पीत नव्हती. त्यांच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी यायचा, हौदात साठवलेल्या पाण्याला वास मारायचा, आणि दोन घोटांवर ऋतुजा नाक मुरडून ग्लास खाली ठेवायची. रागवा, लाडीगोडी लावा, उपयोग शून्य.

म्हणजे फिल्टर आणणं भाग होतं. सुकन्यानं आधी हौदाचं पाणी तपासून घेतलं. क्षार बेताचे होते; गाळ होता आणि जंतू होते. एका दुकानदारानं विजेवरचा आरओ तिच्या गळ्यात मारायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण ते मशीन एक लिटर गाळायला तीन लिटर मोरीत सोडणार! आठ दिवस पाणी पुरवणाऱ्या बाईला हे कसं परवडावं? जारचं पाणी कोण कुठे भरतो ते देव जाणे. शेवटी तिनं ठरवलं, ओट्यावर ठेवायचा साधा स्टीलचा फिल्टर बरा. वरच्या डब्यात पाणी ओतायचं, ते कँडलमधून झिरपून खालच्या डब्यात येतं. वीज लागत नाही, पाणीही वाया जात नाही.

गंजगोलाईत आदिनाथशेठच्या भांड्यांच्या दुकानात तसा एक मिळाला, तोही निम्म्या किमतीत.

"निम्म्यात का?" सुकन्यानं लगेच विचारलं.

शेठनं फिल्टर फिरवून दाखवला. पोटावर मशीननं ठिपक्याठिपक्यांत कोरलं होतं: कै. नीलम्मा मडिवाळप्पा यांच्या स्मरणार्थ.

"निलंग्याकडची पार्टी आहे. आईच्या पुण्यस्मरणाला शाळांना वाटायला म्हणून अकरा घेतले. त्यातला हा एक राहिला. दुसऱ्याचं नाव घातलेलं भांडं कोण घेतंय, ताई?"

सुकन्यानं झाकण काढून कँडल पाहिली, रबरं चेपून पाहिली. माल अस्सल होता. "ओरखडेच आहेत," ती म्हणाली. "पाण्याला कुठं वाचता येतं?"

तुळजाबाईंनी मात्र ते नाव पाहून कपाळावर हात मारला. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण अशा कोरीवकामाचा अर्थ कळत होता. प्रत्येकाच्या घरी असा एखादा तांब्या, एखादं ताट असतंच.

"आगं माय! हे वाटायचं भांडं हाय. मेल्या माणसाच्या नावानं सोडलेली वस्तू कुणी दिली तर घ्यावी. इकत आणत असतेत का?"

"का, काय होतं आत्याबाई?"

"काय होतं ते मला काय ठाव? आणत न्हाईत, येवढं ठाव हाय."

सुकन्या हसली. नावाची बाजू भिंतीकडे केली आणि फिल्टर ओट्यावर ठेवला. तो ऋतुजाचा, बाकीच्यांनी उकळलेलं पाणी प्यायचं, असं ठरलं.

आणि काय सांगावं, पोरगी पाणी प्यायला लागली! पहिला ग्लास एका दमात, लगेच दुसरा. "मम्मी, लई गोड लागायलंय," म्हणाली. दुपारपर्यंत लिटर, दिवेलागणीपर्यंत दोन, कधी अडीच. सुकन्याचा जीव भांड्यात पडला. सासूकडे तिनं एकदा तोऱ्यात पाहूनही घेतलं.

पाचव्या दिवशी सकाळी सुकन्यानं ऋतुजाची लघवी पाहिली. हा तिचा धंदाच होता, तिला कुणी रंग शिकवायला नको होता. गडद पिवळी, जवळजवळ तांबूस. विचारलं तेव्हा कळलं, पोरगी दिवसातून दोनदाच जाते. ओठ फुटले होते. मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच बसेना. या पोरीच्या अंगात पाणीच नव्हतं.

कुंडीत ओतत असेल, दुसरं काय! सुकन्याचा पारा चढला. पण तुळजाबाई म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत पिती. तिला बोलू नको."

दुसऱ्या दिवशी सुकन्यानं रजा टाकली आणि स्वतः समोर बसली. दुपारची वेळ. वीज गेली होती, पंखा थांबला होता, गल्लीतसुद्धा सामसूम होती. ऋतुजानं ग्लास तोंडाला लावला. गळा हलत होता, घोट स्पष्ट ऐकू येत होते. सुकन्या ऐकत राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं, की घोट दोनदा ऐकू येतोय. एक ऋतुजाच्या गळ्यातला. त्याच्या मागोमाग, जरा जड, दुसरा.

भिंतीचा पडसाद असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. खोली लहान होती आणि ओट्याच्या फरश्या गुळगुळीत होत्या.

संध्याकाळी तिनं लॅबमधून वजनाचा काटा आणला. हिशेब साधा होता: अर्धा लिटर पाणी प्यालं की माणूस अर्ध्या किलोनं वाढतो. ऋतुजा काट्यावर उभी राहिली. चोवीस किलो शंभर ग्रॅम. तिथेच उभं राहून तिनं फिल्टरचं अर्धा लिटर पाणी संपवलं, पालथा हात ओठांवरून फिरवला आणि रिकामा ग्लास आईकडे दिला.

चोवीस किलो शंभर ग्रॅम.

सुकन्यानं काट्यातले सेल बदलले. शेजारून जारचं पाणी मागून आणलं आणि पोरीच्या नाकदुऱ्या काढून पाजलं. चोवीस सहाशे. काटा ठणठणीत होता. पुन्हा फिल्टरचं दिलं. चोवीस सहाशेच.

मग तिनं फिल्टरच्या पाण्याचा ग्लास स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवला. ग्लासात असेपर्यंत पाण्याला वजन होतं, जेवढं असायला हवं तेवढंच.

शेवटी ती स्वतः काट्यावर उभी राहिली आणि प्याली. पाणी खरंच गोड होतं. घशातून गारगार काहीतरी उतरलं, छातीपर्यंत आलं आणि तिथून पुढे नव्हतंच. खालचा आकडा हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखाद्या आकड्याची भीती वाटली.

दाराशी तुळजाबाई उभ्या होत्या. "कोण पिऊ लागलंय हे?" त्यांनी हळूच विचारलं.

सुकन्यानं फिल्टर रिकामा केला, कँडल काढली, दोन्ही डबे पुसून पालथे घातले. ऋतुजाला जारचं पाणी सुरू झालं. ती कुरकुरत, थोडं थोडं प्यायची. पण जे प्यायची ते काट्यावर दिसायचं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सुकन्या दुपारीच घरी आली. तुळजाबाई बाहेरच्या खोलीत जरा लवंडल्या होत्या. स्वयंपाकघरातून घोटांचा आवाज येत होता.

ऋतुजा ओट्यापाशी स्टुलावर गुडघे टेकून बसली होती. फिल्टरचे डबे एकावर एक नीट रचलेले होते. नावाची बाजू पुढे होती. पोरीनं तोटीला तोंड लावलं होतं, डोळे मिटलेले होते आणि गळा सारखा हलत होता.

सुकन्यानं झाकण उचललं.

आत कोरडं ठाक होतं. खालचा डबाही कोरडा.

तिनं पोरीला ओढून कवेत घेतलं. ऋतुजाचे ओठ पापुद्रे आलेले, जीभ पांढरी. "मम्मी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मला तहान न्हाई लागलेली. पण थांबताच येईना गं."

त्या संध्याकाळी कळ आली. खडा अडकला होता. दवाखान्यात सलाईन लावलं, आणि सुकन्या रडत रडत बाटलीतला एक एक थेंब पाहत बसली. शिरेतून गेलेलं पाणी पोरीचंच राहत होतं. दोन दिवसांत खडा पुढे सरकला तेव्हा डॉक्टरांनी घरी सोडलं आणि फटकारलं, "एक दिवस आणखी उशीर केला असता तर एक किडनी गेली असती. पाणी पाजता येत नाही का तुम्हाला?"

पोरीला घरी पोचवून ती तडक आदिनाथशेठकडे गेली, हातात फिल्टर घेऊन. शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

"ताई, ते मी परत घेणार नाही. पैसे पाहिजे तर घेऊन जा."

"तुम्ही एक राहिला म्हणालात. राहिला कसा?"

शेठनं गल्ल्याचा खण लोटून बंद केला. "दहा शाळांना गेले. अकरावा त्यांनी घरी ठेवला होता. चार दिवसांनी मुलगा आणून टाकून गेला. घरात ठेवायचा नाही म्हणाला. मी पण विचारलं नाही." त्यांनी बिलबुकातून एक नंबर लिहून दिला.

मुलाचं नाव गुरुबसप्पा. फोनवर त्याच्यामागे ट्रॅक्टर चालू होता. फिल्टरचं ऐकल्यावर तो लांब जाऊन बोलायला लागला.

"किडन्या गेल्या म्हणून डॉक्टरनं पाणी तोडलं होतं आईचं. रोज येक कप. शेवटचे चार महिने नीरु, नीरु, पाणी द्या म्हणून जीव काढला तिनं. आम्ही न्हाई दिलं. डॉक्टरचं ऐकलं आम्ही." मग त्यानं विचारलं, "बाई, घरात लेकरू हाय का?"

"आहे."

"तर ठिवू नका," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

भंगारात द्यावा, विहिरीत टाकावा, असं काहीबाही सुकन्याच्या डोक्यात येऊन गेलं. तुळजाबाईंनी ठामपणे नाही म्हटलं. "दानाला सोडलेली वस्तू तू इकत आणली, तिथं चुकलं. शाळेच्या नावानं निघाली होती, लेकरांतच जाऊ दे. फुकट दे. मग ती बाई सुटंल बिचारी." सुकन्याला ते पटलं. खरं म्हणजे तिला पटवून घ्यायचं होतं.

किल्लारीच्या रस्त्याला, तुळजाबाईंच्या माहेरच्या वस्तीवर एक अंगणवाडी होती. तिथल्या विशाखाताईंना केव्हाचा फिल्टर हवा होता. औशाला गाडी बदलून सुकन्या तो देऊन आली. निघताना, वजनाचा काटा बरोबर घ्यावा, असं तिच्या मनात आलं होतं. तिनं घेतला नाही. विशाखाताईंनी फिल्टरला हळदीकुंकू वाहिलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि सुकन्या पहिला ग्लास भरायच्या आत बस गाठायला निघाली.

घरी सगळं सुधारलं. ऋतुजा उकळून गार केलेलं पाणी प्यायला लागली, वासाची तक्रारही करेना. ओठ भरून आले. दुसऱ्या आठवड्यात खडा पडला. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या स्वच्छ दिसल्या तेव्हा सुकन्या दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली. हरिओमनं नांदेडहून पेढे आणले.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी विशाखाताईंचा फोन आला. मागे मुलांचा आवाज असावा तसा येत नव्हता.

"ताई, आभार मानायला फोन केला. लेकरं लई आवडीनं पितेत. दिवसातून चारचारदा भरायलाव आम्ही."

"चांगलं आहे," सुकन्या म्हणाली.

"आन् येक गंमत सांगू? आधी दर घटकेला कुणी ना कुणी बाहेर जाऊ का म्हणून उठायचं. आता सत्तावीस लेकरं सकाळधरनं बसतेत, येक उठत न्हाई. लई गुणाची झालीत बगा."

ऋतुजा नुकतीच मोरीतून आली होती आणि फ्रॉकला हात पुसत आईकडे बघून हसत होती. आत्ताच्या आत्ता बंद करा ते, हे शब्द सुकन्याच्या जिभेवर आले होते. एवढंच म्हणायचं होतं. पण बंद केलं तर ताई ते भांडं ठेवतील कुठे? जिनं दिलं तिलाच परत पाठवतील.

"हॅलो? ताई, हाव का?"

सुकन्यानं ऋतुजाला जवळ ओढलं. पोरीचे गाल मऊ होते, ओलसर होते.

"तोटी गळत नाही ना?" तिनं विचारलं.

"न्हाई वो," विशाखाताई हसत म्हणाल्या. "येक थेंब खाली पडत न्हाई."