गोलपोस्टमागची खोली

माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एका प्रेमाला मी पहिल्याच भेटीत गाढव म्हणाले होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी चहाडी करायला नको.

झालं असं, की गोलपोस्टसमोरचा पट्टा खेळून खेळून टकला झाला होता. मी तिथे नवीन बी पेरून चारी बाजूंनी दोरी बांधली आणि खोलीकडे वळले, तोच एक उंच माणूस दोरी ओलांडून थेट मधोमध उभा! पाऊस भुरभुरत होता, त्याची टोपी नाकापर्यंत ओढलेली. दोरी दिसत नाही का, डोळे आहेत की बटणं, असं मी लांबूनच विचारलं, आणि त्याच दमात ते गाढवही म्हणून झालं. त्याने शांतपणे टोपी काढली... आणि बघते तर काय! आमच्या क्लबचा नऊ नंबर! ज्याच्या गोलांसाठी अख्खं गाव दर आठवड्याला घसा बसवून घ्यायचं, तो.

“गाढव तर गाढव,” तो म्हणाला, “पण आता बाहेर कसं पडू? आलो त्याच पावलांवरून, की उडी मारू?”

“त्याच पावलांवरून. आणि टाचा न टेकता.”

तो खरंच चवड्यांवर, मांजरासारखा बाहेर आला. मी अजिबात हसले नाही. म्हणजे — तो गेल्यावर हसले.

मग त्याला माझ्या खोलीचा रस्ता पाठ झाला. खोली कसली, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची अवजारांची जागा ती. गवत कापायचं यंत्र, रोलर, खताची पोती, रेषा मारायचा चुना. आधी बाबा हे मैदान सांभाळायचे, त्यांची कंबर धरली तेव्हा काम माझ्याकडे आलं. नऊ नंबर सराव संपला की खताच्या पोत्यावर येऊन बसायचा आणि गवताला थंडी वाजते का, असलं काहीबाही विचारायचा. मी म्हणायचे, कामात आहे. तो म्हणायचा, राहा की कामात, मी बघतो. आणि असा बघायचा, की एकदा माझी साइडलाइन चक्क वाकडी गेली. पंच मला बोल बोल बोलले, आणि हा मिश्या नसताना मिशीत हसत होता. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा ‘अरे’ म्हटलं, आणि तुम्ही-बिम्ही तिथेच संपलं.

आईच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. खेळाडू म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड, आज इथे, उद्या तिथे, असं ती म्हणाली. बाबा म्हणाले, पोरगा चेंडू पायावर छान थांबवतो. बाबांच्या लेखी माणसाच्या चारित्र्याचा दाखला तोच.

आणि मग त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी खेळणं कायमचं बंद केलं. तो पोत्यावर येऊन बसला, पण गवताबद्दल काही विचारेना. मी यंत्र बंद केलं आणि म्हटलं, रडायचं असेल तर रड, इथे कोणी येत नाही. तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो काढायची आठवण आम्हा दोघांनाही झाली नाही.

संघ तेव्हा तळाला होता. अध्यक्षांनी जुन्या मॅनेजरला नारळ दिला आणि खुर्ची यालाच दिली, पण तात्पुरती. शेवटचा सामना जिंकलात तर संघ वरच्या गटात टिकेल आणि खुर्ची तुमची, नाहीतर राम राम. दूरच्या एका लहान क्लबने त्याला संघ सांभाळायला बोलावलं होतंच. “मला इथेच राहायचंय,” तो मला म्हणाला. “आणि ते काही नुसतं क्लबमुळे...” पुढचं त्याने गिळलं.

मॅनेजर म्हणून त्याचं डोकं भारी चालायचं. समोरच्यांना फ्री किक मिळाली, की गोलसमोर खांद्याला खांदा लावून उभ्या आमच्या गड्यांची भिंत तो बाहेरून ओरडून अशी लावायचा, की मुंगी शिरणार नाही. गोची पायांची होती. आपण निवृत्त झालो, हे पायांना कुणी कळवलंच नव्हतं.

शेवटच्या सामन्यात आम्ही एका गोलने पुढे होतो. थोडाच वेळ उरलेला. समोरच्यांचा एक चेंडू घरंगळत साइडलाइनकडे आला, आणि रेषेबाहेर जायच्या आत आमच्या मॅनेजरसाहेबांनी पाय पुढे केला, चेंडू अलगद थांबवला आणि लांबच्या आपल्याच गड्याला नेमका दिला. काय पास होता! लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग शिट्टी वाजली आणि पंचांनी लाल कार्ड काढलं.

लाल कार्ड म्हणजे मैदानाबाहेर जायचं आणि गड्यांशी एक अक्षर बोलायचं नाही, असा नियम. तो कुठे येणार? दाराकडे पाठ करून पोत्यावर बसला. स्वतःला काय काय म्हणत होता. मी म्हटलं, गाढव हा शब्द माझा आहे, दुसरा शोध. मी दारात उभी राहून त्याला काय चाललंय ते सांगत होते. बिनमॅनेजरचा संघ सैरभैर झालेला, त्यात आमच्या एकाने गोलजवळच समोरच्याला पाडलं.

“फ्री किक,” मी म्हटलं. “आपली भिंत उभी राहतेय.”

“मग ऐक. किक बसायच्या आत बोलतो. नंतर बोललो तर जिंकलो म्हणून विचारलं की हरलो म्हणून, ते माझं मलाच कळणार नाही.” त्याने मान वळवलीच नाही. “लग्न करशील माझ्याशी?”

मी भिंतीकडे बघत होते. ओरडून उपयोग नव्हता, सगळं मैदानच ओरडत होतं.

“हो,” मी म्हटलं.

शिट्टी वाजली. मग गर्दीतून असा एक आवाज आला, की सांगायची गरज उरली नाही. इतकी वर्षं गोल मारलेल्या माणसाला दोन्हीकडचे आवाज ओळखता येतात.

“गेला,” तो म्हणाला.

“गेला. बरोबरी.”

सामना तसाच संपला. वर पायऱ्यांवरून लोक उतरत होते, त्यांच्या पावलांनी छतावरची धूळ आमच्यावर पडत होती. मग तो उठला, माझ्यासमोर आला.

“तू हो म्हणालीस तेव्हा मी अजून मॅनेजर होतो. आता फेरविचार करायचा असेल तर...”

“मी हो म्हणाले तेव्हा भिंत डावीकडून उघडी होती,” मी म्हटलं. “मला दिसत होतं. चेंडू आत जाणार, तुझी खुर्ची जाणार, हे मला तुझ्याआधी माहीत होतं.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. डोळे भरले, आणि मग हा माणूस मला काय विचारतो?

“किती उघडी होती?”

“चांगली हातभर.”

“नव्या क्लबात पहिल्या दिवशी भिंतच शिकवतो.”

“शिकव,” मी त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं. “पण तिथल्या मैदानावर माझ्या आधी पाय ठेवायचा नाही.”