मावशीने हात उचलले तेव्हा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तेही रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी. औषधाच्या दुकानावरच्या तिच्या खोलीत.

मावशी लोकांचं अंग मोकळं करून देते. आखडलेली मान, धरलेली कंबर, वर न जाणारा खांदा... सगळं तिच्या हाताखाली सुटतं. पण दुसऱ्यांची दुखणी काढता काढता तिचेच अंगठे कामातून गेले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता थांबा. मावशी थांबतेय कसली! या कामाशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि हवंही नव्हतं.

त्या दुपारी टेबलावर एक शिंपी पालथा झोपला होता. तोंड त्यासाठीच ठेवलेल्या टेबलाच्या भोकात, नजर फरशीवर.

या कामात दोन्ही हात एकदम उचलायचे नसतात. तेल घ्यायचं असलं तरी एक हात पाठीवर राहू द्यायचा. नाहीतर माणूस दचकतो.

पण अंगठ्यातून अशी कळ आली, की मावशीने दोन्ही हात उचलले. तशीच बेसिनपाशी गेली आणि गार पाण्याखाली हात धरून उभी राहिली. बराच वेळ.

परत आली ती ओशाळूनच. "माफ करा हं दादा, मध्येच सोडून गेले."

"कुठे गेला होतात?" शिंपी खालूनच म्हणाला. "आत्ता तर बरोबर गाठ धरलीय तुम्ही... सोडू नका."

मावशीचे ओले हात हवेतच होते.

खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

शिंप्याच्या खांद्याजवळची कातडी... हळूच खाली दबली. पुन्हा वर आली.

मावशीने ओरडायला हवं होतं. पण ती इतकी थकलेली होती, की पहिल्यांदा मनात आलं, बरं झालं बाई, कुणीतरी करतंय. हे तिनेच मला सांगितलं.

शिंपी मान इकडेतिकडे वळवत खुशीत जिना उतरला. मावशीलाही निघायचं होतं, पण पाय उचलेनात. जरा पडावं म्हणून ती त्याच टेबलावर पालथी झाली.

भोकातून फरशी दिसत होती. कुणाचे पाय दिसत नव्हते.

तरी... हात आला.

आधी मानेवर. मग दंडावरून सरकत थेट अंगठ्यापर्यंत. गार नाही, गरम नाही, नुसतं वजन. मावशी उठायला गेली, तसं त्या हाताने तिला हलकेच खाली दाबलं. ती पेशंटला दाबते, अगदी तसं.

"पुरे," ती म्हणाली. "पुरे झालं."

हात थांबला नाही.

आणि इतक्या भीतीतही तिला झोप लागली.

जाग आली तेव्हा दुखणं पार गेलं होतं. अंगठे कसेही वळत होते. आनंदाने तिने टेबलाची कड धरली...

कड जाणवलीच नाही. लाकूड नाही, टॉवेल नाही, तेलाचा ओशटपणाही नाही. बोटं हलत होती, पण त्यांना कळत काही नव्हतं.

मावशी अजून काम करते. पेशंट म्हणतात, "ताई, हातात काय जादू आलीय हो तुमच्या!" ती हसते. पाठीवर हात ठेवते, पण गाठ कुठे आहे ते तिला समजत नाही. तरी गाठ सुटते. कोण सोडवतं, हे विचारणं तिने बंद केलंय.

परवा मी तिला भेटायला गेले होते. निघताना तिचा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला. ती खिडकीबाहेर बघत होती.

तिचा हात अजून माझ्या हातातच होता, तेव्हा म्हणाली, "निघालीस का गं? जवळ ये की जरा. हात तरी दे हातात."