मोहिउद्दीन मास्तरांची डावी गाठ

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटायची नाही त्यांनी इथेच थांबावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

आणि आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. भुतांनी रात्रीच यावं असा काही कायदा नाही.

मार्च १९८९. शुक्रवार. दुपारचे सव्वाबारा. बाहेर ऊन मी म्हणत होतं. ठिकाण भिवंडी, आमच्या कलाविद्यालयाचा पहिला मजला, कापड विभागाची खोली.

भिवंडीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे चोवीस तास लूमची खटखट चालते. पोरं त्यातच झोपतात, त्यातच अभ्यास करतात. शुक्रवारी मात्र लाईट बंद, लूम बंद. कानात बोळे घातल्यासारखं वाटतं.

त्या शांततेतच मला तो आवाज आला...

पण आधी मास्तरांबद्दल सांगायला हवं.

मी तय्यबा. गाव खारबाव. त्याच विद्यालयात शिकले आणि तिथेच कापड विभागात शिकवायला लागले. मला विणायला शिकवलं ते मोहिउद्दीन मास्तरांनी. त्यांच्याकडे एकही सर्टिफिकेट नव्हतं. होता तो वडिलांचा हातमाग. घरचं विणकाम बंद पडलं तेव्हा त्यांनी तो माग विद्यालयाला दिला आणि मागाबरोबर स्वतःही आले.

त्याआधी दोन वर्षं त्यांनी पॉवरलूमवर ड्युटी केली होती. पट्ट्यात उजव्या हाताचा अंगठा गेला. तेव्हापासून ते धाग्याची गाठ डाव्या अंगठ्याने मारायचे. आपली गाठ एका बाजूला वळते, त्यांची उलट्या बाजूला. हजार गाठींतून त्यांची गाठ मी डोळे मिटून ओळखेन.

"अंगुठा दिया, माग नाय दिला," असं ते पहिल्या दिवशी प्रत्येक वर्गाला हात वर करून दाखवायचे. मुली किंचाळायच्या. मास्तर खूश.

त्यांनी तीस वर्षांत कापडाचे नमुने जमवले होते. दोनशे चौदा. कोकणी घरांतल्या लग्नाच्या ओढण्या, आदिवासी बायांची लुगडी, भिवंडीत आता कुणी विणत नाही असले पंचे. प्रत्येकाखाली चिठ्ठी: कुणाचं, कुठलं, कोणी विणलं. काचेच्या तीन कपाटांत तो संग्रह होता. आम्हाला पुस्तकं नव्हती. तीच कपाटं आमची पुस्तकं.

आणि त्यांचा एक नियम होता. कापड विणून झालं की कापून उतरवायचं, पण ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागातच ठेवायची. नवा ताणा आला की एकेक धागा त्या जुन्या टोकाला गाठ मारून जोडायचा. त्यांच्या वडिलांच्या घरातून माग आला तेव्हाही टोकं त्यात होती. जुन्याला नवं, त्याला आणखी नवं. मधे एकदाही तुटलं नव्हतं.

"माग उपाशी ठेवायचा नाय, बेटी. किसी भी हाल में."

डिसेंबर ८८ मध्ये मास्तर गेले. मागावर त्यांचं अर्धं विणलेलं कापड तसंच होतं.

आणि मी काय केलं?

ते कापड मी मागच्या बाजूने कापलं. सुट्या धाग्यांच्या हातभर झालरीसकट, एक टोक मागे न ठेवता, धागे ज्यातून जातात त्या फणीतून सगळं ओढून काढलं. घडी घातली. कपाटात ठेवलं. खाली माझ्या सुंदर अक्षरात चिठ्ठी लावली: 'मोहिउद्दीन मास्तर. अखेरचा नमुना.'

प्रेमाने केलं हो. त्यांची आठवण जपावी म्हणून केलं. पण ज्या माणसाने मला तो नियम शिकवला, त्याचाच माग मी उपाशी ठेवला. तेव्हा मला ते कळलंसुद्धा नाही.

आठवड्याभरात चिठ्ठी गळून पडली. उपडी.

मी पुन्हा चिकटवली. पुन्हा पडली... पुन्हा उपडी. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

मी डिंकाला दोष दिला.

मग आमच्या झाडूवाल्या रंगूबाई आल्या. शुक्रवारी विद्यालयाला सुट्टी असायची, पण त्या जिने धुवायला यायच्या.

"बाय, वरती कोन हाय?"

"कधी?"

"शुक्करवारी. लाईट न्हाय, काय न्हाय, आन माग चालतंय. मी आयकलाय. तीन शुक्करवार झालं."

"उंदीर असतील, रंगूबाई."

"उंदीर धोटा फेकतंय व्हय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली.

त्याच सुमारास सेक्रेटरी केसरीनाथ यांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांना कापड विभाग नको होता. जाहिरातकलेचा वर्ग हवा होता.

"मॅडम, बाहेर हजारो लूम आहेत. इथे वर बसून हाताने विणायला कोण येणार? पुढच्या शनिवारी तपासनीस येतायत. विभाग बंद असल्याचं लिहून देतो. माग भंगारात, कपाटं रिकामी करून घेऊ."

"आणि नमुने?"

"चिंधीवाल्याला बोलावलंय."

माझं डोकंच फिरलं. "विभाग बंद नाहीये. मी शिकवतेय. अकरा मुली आहेत."

"मागावर धागा तरी आहे का? चालू माग दाखवा तपासनिसांना, मी एक शब्द बोलणार नाही."

धागा नव्हता. तो मीच काढून टाकला होता.

म्हणून त्या शुक्रवारी मी दोन मोठ्या पिशव्या घेऊन गेले. चोरी करायलाच गेले होते, लपवत नाही. नमुने चिंधीवाल्याच्या हाती पडण्यापेक्षा माझ्या घरी खारबावला गेलेले बरे.

जिन्याच्या मधल्या पायरीवर पाय थांबले.

खट्... सर्र... धप्.

खट्... सर्र... धप्.

पॉवरलूमचा आवाज वेगळा. हा माणसाचा आवाज होता. मधे श्वास घ्यायला थांबणारा. आणि प्रत्येक चौथ्या फेरीनंतर जरा जास्त थांबायचा... मास्तर तेवढ्यात कापडावरून हात फिरवायचे.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

मी कुलूप काढलं. आवाज बंद.

आत कुणी नाही. खिडक्या बंद. मागावर एक धागा नाही. पण खालची, पायाने दाबायची पावडी... हलत होती. सावकाश. आत्ताच कुणीतरी पाय काढल्यासारखी.

मी कपाटाकडे पाहिलं. कुलूप जागच्या जागी. काच शाबूत.

मास्तरांचं कापड आत नव्हतं.

वळून पाहिलं तर ते मागावर होतं. घडी उलगडलेली, झालर फणीकडे तोंड करून नीट पसरलेली. आणि माझी चिठ्ठी विणकराच्या पाटावर. उपडी.

मला भीती वाटली की आधी राग येतो. स्वभावच तसा. मी ओरडले.

"मला काय घाबरवता? खाली जाऊन त्या सेक्रेटरीला घाबरवा! तीन महिने इथे मरमर मरतेय मी. तुमचं कापड जपून ठेवलं, ते चुकलं का माझं?"

बाहेर एक लूमसुद्धा चालू नव्हता.

चिठ्ठी उचलायला वाकले आणि समोर ती झालर दिसली. कापलेली टोकं. फणीत जाण्यासाठी रांगेत लागलेली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पाटावर बसून रडले. मग नाक पुसलं, ती चिठ्ठी फाडली आणि म्हणाले, "आठवडा द्या मला."

पिशव्या रिकाम्याच घरी नेल्या.

त्या आठवड्यात मी जेवण सोडून बाकी सगळं सोडलं. ताण्यात नऊशे साठ धागे होते. प्रत्येक जुनं टोक फणीतून परत ओढायचं, मागे नव्या ताण्याला गाठ मारायची. मुली धागे ओढून द्यायच्या, गाठी मी मारायचे. मुलींची गाठ अजून सुटायची. बोटांची सालं निघाली.

केसरीनाथ एकदा दारात येऊन गेले. "कशाला जिवाचा आटापिटा करताय, मॅडम?"

"तुम्ही शनिवारी या," मी मान वर न करता म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी मोजलं. तीनशे गाठी बाकी. बोटं वळेनात, गाठ बसेना. रंगूबाईंनी मला दंडाला धरून उठवलं.

"घरी जा, बाय. हात तुटल तुझा. उद्या ये."

कुलूप मी स्वतः लावलं. दोनदा ओढून पाहिलं.

शुक्रवारी सकाळी नऊला पोचले. लाईट गेलेली, भिवंडी गप्प. आज जिन्यात आवाज नव्हता.

कुलूप उघडलं. मागाजवळ गेले. खाली बसले.

नऊशे साठ.

एकही टोक सुटं नव्हतं...

मी मागच्या बाजूला गेले आणि गाठी पाहिल्या. सहाशे साठ माझ्या. सरळ वळलेल्या.

उरलेल्या तीनशे उलट्या.

मी मागे वळून पाहिलं नाही. पाठीमागे कुणी असेल तर असू दे, असं ठरवलं. पाटावर बसले, धोटा उचलला आणि विणायला लागले. मास्तरांचा तो तेल आणि विडीचा वास शेजारी होता. तो दुपारपर्यंत हलला नाही.

शनिवारी तपासनीस आले तेव्हा मास्तरांच्या जुन्या कापडापुढे माझं चार बोटं नवं कापड विणून झालं होतं. मधे कुठे जोड दिसत नव्हता. तपासनिसांनी तीनही कपाटं पाहिली, अकरा मुलींना प्रश्न विचारले. केसरीनाथ खरंच एक शब्द बोलले नाहीत.

विभाग आणखी नऊ वर्षं चालला.

अठ्ठ्याण्णवमध्ये तो अखेर बंद झालाच. पण नमुने चिंधीत गेले नाहीत. टेम्पो करून माग आणि दोनशे चौदा नमुने मी खारबावच्या घरी आणले. माग सुटा करताना टोकं फणीतच बांधून ठेवली. आजही ओटीवर सात मुली शिकतात.

तुम्ही म्हणाल, मग यात भीती कसली?

ती आता सांगते. हे मी घरच्यांनाही सांगितलेलं नाही.

तपासणीनंतर पहिल्यांदा नवा ताणा जोडायला बसले, तेव्हा माझा उजवा अंगठा हलेना. दुखत नव्हता. फक्त... हलत नव्हता. मागावरून उठले की पूर्ववत. डॉक्टरांनी फोटो काढला, नस तपासली. काही दोष नाही.

तेव्हापासून गाठ मी डाव्या अंगठ्याने मारते. शिकावं लागलं नाही. पहिलीच गाठ बिनचूक पडली. उलटी.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या हमिदाने ताणा जोडला. चौदा वर्षांची पोर, दोन्ही हात धडधाकट. मी तिला सरळ गाठ शिकवली होती. तिच्या गाठी तपासायला वाकले आणि माझा हात तसाच राहिला.

शेवटच्या दहा उलट्या होत्या.

"अशी का मारलीस ग?"

"काय माहीत, खाला. अंगठा जरा झोपला होता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माग विकून टाकावा असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू?

सकाळी मागापुढे उभी राहिले. "माझा अंगठा घेतलात, घ्या. मी हसत दिला," मी मोठ्याने म्हणाले. "पण पोरीच्या हाताला हात लावायचा नाही. माग उपाशी राहणार नाही, हा माझा शब्द आहे. तुमचा शब्द द्या."

खोलीत कुणीच नव्हतं.

पावडी एकदा खाली गेली... आणि वर आली.

तो होकार होता की नकार, मला अजून कळलेलं नाही. हमिदाच्या गाठी मी रोज तपासते.